खुर्चीवरून वही दिसत नव्हती

शमू,

तू गेल्याला आज बारावा दिवस. तुम्हा ख्रिस्ती लोकांत बारावं-तेरावं नसतं हे मला माहीत आहे. दिवस मोजतोय तो मी, माझ्या सवयीने. काल तुझ्या शाळेतली मंडळी येऊन गेली. तुझ्यावर काहीतरी लिहून द्या म्हणाली, तुमच्याइतकं त्याला दुसऱ्या कुणी ओळखलं नाही म्हणाली. मी हो म्हटलं. कागद पुढे घेतल्यावर कळलं, की त्यांना हवं आहे ते माझ्याच्याने होणार नाही. जन्म कुठला, शिक्षण काय, नोकरी किती झाली, स्वभाव कसा मनमिळाऊ होता, हे दुसरं कुणीतरी लिहील. मला तुझ्याशीच बोलायचं आहे. आणि बोलायचं ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे धीर होणार नाही. मला तुझा हेवा वाटत आला. थोडाथोडका नव्हे, आणि एखाद्या वेळचा नव्हे. तुला मातीत ठेवलं त्या दिवशीसुद्धा वाटला.

तुमच्या त्या लहानशा दफनभूमीत माणसं मावत नव्हती. आसपासच्या गावांतून गाड्या जुंपून लोक आले होते. रंभाजी पाटील, ज्याने उभ्या आयुष्यात तुमच्या वस्तीत पाऊल टाकलं नव्हतं, त्याने तुझ्या पेटीला खांदा दिला. गयाबाई बाहेर गडग्याशी पदर तोंडात धरून उभी होती. आणि मी, तुझा सर्वांत जुना मित्र, मार्थावहिनींच्या मागे उभा राहून माणसं मोजत होतो. माझ्या वडिलांच्या वेळी यातली निम्मी तरी होती का, असा विचार माझ्या मनात आला. त्याची लाजही वाटली. पण लाज नंतर वाटली, विचार आधी आला.

हे सगळं कधी सुरू झालं याचा मी या बारा दिवसांत पुष्कळ शोध घेतला. मला वाटतं, नगरच्या हायस्कुलात. आपण एका बाकावर. तू कोल्हारच्या वस्तीतला, मी कोल्हारच्या कुलकर्ण्यांचा, आणि गावात जे जमलं नसतं ते नगरला शाळेच्या बाकाने जमवून दिलं. भूमितीतलं अवघड गणित तू सोडवायचास आणि मी माझ्या सुंदर अक्षरात उतरवायचो. मास्तर माझी वही वर्गाला दाखवायचे. तू हसायचास. सुटीत आपण गावी आलो की तू आमच्या ओसरीवर यायचास, आणि आई तुला कोनाड्यातल्या वेगळ्या कपात चहा द्यायची. तू तो कप स्वतः विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवायचास. मी बघत असायचो. मी त्याबद्दल आईला कधी बोललो नाही आणि तुलाही नाही. वेळेला गप्प बसणं हा माझा गुण तेव्हापासूनचा आहे.

मॅट्रिकनंतर मी पुण्याला शेतकी कॉलेजात गेलो. तुला तिकडे जाता आलं नाही. तू मास्तरकीच्या ट्रेनिंगला गेलास आणि गावच्या शाळेवर लागलास. तुला आठवतं का, मी टर्म संपली की माझ्या नोट्स तुला टपालाने पाठवायचो. मी ते मोठ्या मनाने करतो आहे असं मला वाटायचं. तू त्या वाचून परत पाठवायचास, आणि समासात शिसपेन्सिलीने प्रश्न लिहिलेले असायचे. ‘कालव्याचं पाणी दिल्यावर विहिरीचं पाणी वर का येतं?’ ‘वर आलं ते चांगलं की वाईट, हे कुणी पाहिलं आहे?’ असले प्रश्न. ते मी प्रोफेसर लेल्यांना वर्गात विचारायचो. ते म्हणायचे, “कुलकर्णी, प्रश्न चांगला आहे. कुठून सुचतं तुम्हाला?” मी खाली मान घालून बसायचो. ते तुझे आहेत हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, आणि सर त्यावर काय म्हणाले ते तुला मात्र इमानाने कळवत राहिलो. दोन्हीकडून मलाच मान.

मग वडील गेले आणि मी पदवी घेऊन कोल्हारला परत आलो. त्या वेळेपर्यंत गावाचं रूप पालटलं होतं. प्रवरेचं पाणी पाटाने शेतात आलं होतं, ऊस आला होता, आणि उसामागून खार आला होता. ज्या जमिनींना पाणी आधी मिळालं, त्यांच्यावरच आधी पांढरा थर फुटायला लागला. सकाळी बघावं तर वावरात मीठ सांडल्यासारखं. रंभाजी पाटलाचा नदीकडचा तुकडा गेला. गयाबाईचा निम्मा गेला. नवऱ्याच्या माघारी ती एकटी ते वावर कसत होती; तिला दुसरा तुकडा नव्हता. लोक म्हणत, जमिनीला रोग लागला. मला वाटलं, आता माझी वेळ आली. गावात शेतकी शिकलेला मी एकटा.

मी लेले सरांना पत्र लिहिलं. सर भले माणूस. त्यांचं उत्तर आलं की कॉलेजला असं गाव हवंच आहे. तुम्ही लोकांचं एक अभ्यासमंडळ करा, आम्ही मातीचे नमुने तपासून देऊ, पत्रकं पाठवू, विद्यार्थी पाठवू. रंभाजीच्या मळ्यात गुऱ्हाळाचं छप्पर होतं, आता मोकळंच पडलेलं. तिथे बाजाराच्या दुसऱ्या दिवशी जमायचं ठरलं. माझ्यासाठी शाळेतून खुर्ची आणली. मी पहिल्या दिवशी पत्रक वाचलं. दुसऱ्या बैठकीलाही वाचलं. तिसऱ्या वेळी चौघेजण आले, त्यातले दोघे झोपले.

त्या दिवशी तू शाळा सुटल्यावर सहज डोकावलास. रंभाजीने तुझ्यासाठी एक पोतं टाकलं, सगळ्यांपासून हातभर लांब. तू त्यावर बसलास. मी वाचायचं थांबलो तेव्हा तू रंभाजीला विचारलंस, “पाटील, खार पहिल्यांदा कुठं दिसला?”

“माझ्याच वावरात की.”

“वावरात कुठं? वरच्या अंगाला का खालच्या?”

रंभाजी जरा विचारात पडला. मग त्याने काटकी घेतली आणि जमिनीवर रेघ ओढली. हा पाट. हा बांध. ही विहीर. “हितं, ह्या कोपऱ्याला आधी लव्हाळा लई माजला. मंग ऊस पिवळा पडला. मंग पांढरं आलं.” झोपलेले दोघे उठून बसले. एकाने काटकी हिसकून घेतली, “तसं न्हाई पाटील, माझ्याकडं उलटं झालं.” तू खिशातून शाळेची एक कोरी वही काढलीस आणि उतरून घ्यायला लागलास. दिवस मावळेपर्यंत माणसं बोलत होती.

घरी जाताना तू मला म्हणालास, “भास्कर, पत्रक चांगलं आहे रे. पण त्यात रंभाजीची विहीर नाही.” मला ते लागलं. तू ते टोचून बोलला नव्हतास हे मला तेव्हाही कळत होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं.

पुढच्या बैठकीला पंधरा माणसं होती. त्यापुढच्या बैठकीला मोजली नाहीत. तू गयाबाईलाही बोलावलंस. ती खांबाआड बसायची, आणि तिला विचारल्याशिवाय तू पुढे जायचा नाहीस. आणि एका बैठकीत रंभाजी उठला आणि तुझ्या पोत्यावर तुझ्या शेजारी येऊन बसला.  त्याच्या मनात काही सुधारणेचा विचार आला असेल असं मला वाटत नाही. त्याला वहीत आपल्या विहिरीचा आकडा बघायचा होता. हळूहळू सगळेच तुझ्याभोवती सरकले. मी खुर्चीवर होतो. खुर्चीवरून वही दिसत नव्हती. आणि खुर्ची सोडून खाली बसायला मला जमलं नाही, शमू. कुणी बस म्हणालं असतं तर बसलो असतो. पण ज्याला मान द्यायचा त्याला खाली बस असं कोण म्हणणार?

मग लेले सर आले. खोलवरची माती काढायचं गिरमिट घेऊन, दोन विद्यार्थी घेऊन. मी त्यांना उतरवून घेतलं, जेवू घातलं, मळ्यात नेलं. सरांनी वही मागितली आणि तिथेच बांधावर बसून वाचली. सहा विहिरींचं पाणी, महिन्या-महिन्याला किती हात वर आलं ते. कुठे काय तण उगवलं. कुणाचं कुठलं पीक कधी जळालं. सर मला म्हणाले, “कुलकर्णी, हे तुमच्याच वळणाचे प्रश्न. कॉलेजात विचारायचात अगदी तसे.”  तू माझ्याकडे बघितलंस. तुला त्या क्षणी सगळं कळलं असणार, कारण तू मूर्ख नव्हतास. तू सरांना म्हणालास, “आम्ही एका बाकावरचे आहोत सर.” आणि विषय बदललास.

तू मला वाचवलंस त्या दिवशी. त्याबद्दल मी तुझा ऋणी राहायला हवं होतं. मला तुझा राग आला. जो माणूस आपली चोरी बघून हसत पांघरूण घालतो त्याच्याशी नुसतं मित्र म्हणून राहणं किती कठीण असतं, हे तुला कधी कळलं नसेल.

आता गयाबाईच्या वावराचं.

हा भाग मी तुला सांगितलेला नाही. पुष्कळदा सांगायला निघालो. दवाखान्यातसुद्धा.

मंडळाने ठरवलं की एका तुकड्यावर काहीतरी करून बघायचं. रंभाजीचं म्हणणं होतं की खार पाण्याने धुऊन निघतो. ताटाला लागलेलं मीठ जसं धुतो तसं. वावर पाण्याने भरून ठेवायचं, मग सोडून द्यायचं. त्याच्या आज्याने नदीकाठच्या एका तुकड्यात तसं केलं होतं आणि गुण आला होता. सगळ्यांना पटलं. तुलाही पटलं. गयाबाई म्हणाली, “माझ्या वावरात करा. निम्मं तर गेलंच हाय.” उरलेल्या निम्म्यात तिचा हरभरा उभा होता.

मी एकदा बोललो. मी म्हणालो, “निचरा नसेल तर उपयोग होणार नाही.” एवढंच, आणि तेही हळू. तू लगेच वळून विचारलंस, “का रे? नीट सांग.” सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि शमू, माझ्या पिशवीत सरांनी पाठवलेलं पत्रक होतं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की खाली पाणी निघून जायला वाट नसेल तर वरून दिलेलं पाणी खालच्या पाण्याला मिळतं, ते आणखी वर येतं, आणि खार शेजारच्या चांगल्या जमिनीतही चढतो. आज्याचा तुकडा नदीच्या उतारावर होता, गयाबाईचं वावर खोलगट होतं, हेही मला दिसत होतं. मी पत्रक काढलं असतं आणि वाचलं असतं तर तूच सगळ्यांत आधी म्हणाला असतास, थांबा.

मी म्हणालो, “तुमचं ठरलंय तर करून बघा.”

का म्हणालो ते मला त्या वेळीही पक्कं ठाऊक होतं. सगळ्यांच्या देखत तुझं काहीतरी चुकावं असं मला वाटत होतं. एकदाच. माझ्या मनात गयाबाई नव्हती, तिचा हरभरा नव्हता. तुझा उतरलेला चेहरा तेवढा मला बघायचा होता.

पाणी भरलं. पाणी सोडलं. महिनाभरात खार बांध ओलांडून चांगल्या निम्म्यात गेला. हरभरा घाट्यांवर येता येता करपला. गयाबाई एक दिवस तो उपटून भारा बांधून गुऱ्हाळावर घेऊन आली आणि छपरात टाकला. 

मी वाट बघत होतो, तू आता काय करतोस त्याची. तू उठून उभा राहिलास. बैठकीत तू कधी उभा राहायचा नाहीस, त्या दिवशी राहिलास. म्हणालास, “गयाबाई, चूक माझी हाय. भास्कररावांनी निचऱ्याचं सांगितलं हुतं. मी त्यांना नीट विचारून घ्यायला पायजे हुतं, घेतलं न्हाई.” आणि वहीत ते लिहिलंस. काय केलं, का चुकलं, कुणी आधी सांगितलं होतं. माझं नाव तुझ्या अक्षरात तिथे आहे. गावाने ते ऐकलं. मी बरोबर होतो हे सिद्ध झालं.

आणि काय झालं? रंभाजी बोलला. “मास्तर, येकटे तुमी कशाला घेता? सांगितलं मी. आज्याचं कवतिक मी केलं.” मग म्हणाला, “पान्याला वाट द्यायला चर काढायचा तर माझ्या वावरातनं काढा. माझ्या बांधातनं फोडून वढ्याला सोडा. दुसरीकडनं उतार न्हाई.” रंभाजी पाटलाचा बांध, शमू. ज्या बांधाच्या वीतभर सरकण्यावरून त्याने सख्ख्या भावाशी बोलणं सोडलं होतं. तो बांध त्याने आपणहून फोडू दिला. मी हजार वेळा बरोबर असतो तरी मला कुणी फोडू दिला नसता. तू एकदा चुकलास आणि मिळाला.

मला हवा होता तो तुझा उतरलेला चेहरा मी पाहिला. पण लोकांनी त्या चेहऱ्यावर जेवढी माया केली तेवढी माझ्यावर कधी केली नाही. त्या दिवसाइतका तुझा हेवा मला आयुष्यात वाटला नाही.

दर रविवारी प्रार्थना आटोपली की तू कुदळ घेऊन गयाबाईच्या वावरात. तुझ्या मागून शाळेतले दुसरे मास्तर, रंभाजीचे गडी, शेवटी रंभाजीही. सुट्टीत पुण्याहून विद्यार्थी आले, तेही उतरले. पांढऱ्या लेंग्यातली ती मुलं संध्याकाळी तुझ्या पोत्याभोवती बसून रंभाजीकडून लव्हाळ्याची आणि हरळीची ओळख करून घ्यायची, आणि त्याला पाण्याचा आणि मातीचा हिशेब काचेच्या नळीतून दाखवायची. मी बांधावर उभा राहून खोली सांगायचो, उतार बघायचो. ते कामही लागणारंच होतं. तू सगळ्यांना सांगायचास, “भास्करराव नसते तर चर उलटा गेला असता.” तू खरंच सांगायचास, आणि मला ते भीक घातल्यासारखं वाटायचं.

एका संध्याकाळी आपण नदीवर हातपाय धुवायला गेलो होतो. तू पाण्यात पाय सोडून बसलास आणि विचारलंस, “भास्कर, त्या दिवशी तू एवढंच बोलून गप्प का झालास?”

“तुम्ही ऐकलं असतं का?” मी म्हणालो.

“मी ऐकलं असतं.”

“आता काय त्याचं.”

 तू पाण्याकडे बघत राहिलास. मग म्हणालास, “पुढच्या वेळी माझ्यावर ओरड. चारचौघांत ओरड. मला चालेल.” आपलं ते भांडण तिथेच राहिलं. मी ते पुन्हा काढलं नाही. तू कदाचित माझी वाट बघत होतास.

सरांनी मग मंडळाला पुण्याला बोलावलं. ज्या हॉलमध्ये मी मागून दुसऱ्या बाकावर वर्षानुवर्षं बसलो, तिथे टेबलामागे रंभाजी पाटील उभा. पागोटं सावरत, फळ्यावर खडूने पाट काढत. “पुस्तकात काय हाय ते मला ठावं न्हाई. मी माझ्या हिरीचं सांगतो.” मुलं लिहून घेत होती. तो अडला की तुझ्याकडे बघायचा, आणि तू नुसती मान हलवायचास. नंतर सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “कुलकर्णी, हे तुमच्यामुळे झालं.” मी या वेळी म्हणालो, “नाही सर, शमूमुळे.” मला वाटलं होतं, ते बोललो की मोकळं वाटेल. ते खरं असल्यामुळे मोकळं वाटलं नाही.

परत आल्यावर तू पडलास. आधी साधा ताप वाटला. मग विषमज्वर निघाला आणि तुला नगरला हलवलं. मी दोनदा आलो. दुसऱ्या वेळी मार्थावहिनी मला म्हणाल्या, “भावजी, जरा बसा त्यांच्याजवळ, मी कपडे धुऊन येते.” मी स्टुलावर बसलो. तुझे ओठ सुकले होते. खोलीत आपण दोघेच. मी मनाशी वाक्यही जुळवून आलो होतो: शमू, पत्रक माझ्या पिशवीत होतं.

तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, “रंभाजीच्या विहिरीचं पाणी किती उतरलं?”

“दोन हात.”

“वहीत लिहिलंस?”

“वही तुझ्याकडे आहे ना.”

“मार्थाकडून घे. लिही. तुझं अक्षर चांगलं आहे.” मग थोडा दम घेऊन म्हणालास, “गयाबाईचा खालचा तुकडा राहिलाय. तिथवर चर जायला पाहिजे.”

मी हो म्हणालो. वाक्य तसंच राहिलं. आजारी माणसाला कशाला त्रास, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. तू मला माफ करशील याची मला खात्री होती, आणि तुझ्याकडून आणखी एक गोष्ट घ्यायची माझी तयारी नव्हती.

परवा मंडळ जमलं. तुझ्या माघारी पहिल्यांदा. तुझं पोतं कुणीतरी अंथरून ठेवलं होतं, त्यावर कुणी बसलं नाही. बोलणं निघेना. रंभाजी म्हणाला, “भास्करराव, तुमीच काय ते बोला.” मी खुर्चीवरून उठलो आणि बोललो. पत्रक, पिशवी, मी गप्प का बसलो ते, सगळं. तुझा हेवा वाटत होता हा शब्दही उच्चारला.  शेवटी मी गयाबाईकडे वळून म्हणालो, “तुमचा हरभरा मास्तरांमुळे गेला नाही, माझ्यामुळे गेला.”

 रंभाजी जमिनीकडे बघत होता. गयाबाई खांबाआडून पुढे आली.

“मास्तरला सांगितलं हुतं का हे?”

“नाही.”

“का?”

मी खुर्चीची पाठ धरली.

“मंग मला सांगून काय उपेग,” ती म्हणाली. “माझा हरबरा गेला, त्यो गेलाच. पर त्यो मानूस दर आइतवारी माझ्या वावरात खांदत हुता. माझी चूक झाली, माझी चूक झाली म्हनत खांदत हुता. त्याला येकदा तरी सांगायचं हुतं की ती निम्मी तुमची हाय.”

तिचा आवाज चढला नव्हता. बाजारात भाव सांगावा तशी ती बोलत होती. मला वाटलं, आता ती मला जा म्हणेल. ती पदर खोचत म्हणाली, “उद्या सकाळी या. खालचा तुकडा ऱ्हायलाय. कुदळ माझ्याकडं हाय.”

मी गेलो. शमू, मी शेतकीचा पदवीधर, आणि त्या वावरात मी बांधाखाली कधी उतरलो नव्हतो. पहिल्या तासात हाताला फोड आले. गयाबाई पाटीने माती उचलत होती, माझ्याकडे बघतही नव्हती. तिने सावलीत बसा म्हटलं नाही, पाणी मात्र दोनदा आणून दिलं. दुपारपर्यंत माझ्याकडून माणूसभर लांबीचा चर झाला असेल. तेवढा तू न्याहारीच्या आधी काढायचास, हे मला आठवलं, आणि तिथे, चिखलात उभं राहूनही, मला तुझा हेवा वाटला. तो जाईल असं मला आता वाटत नाही. तू असतास तर त्याचं ओझं कमी तरी झालं असतं. आता तू म्हातारा होणार नाहीस, चिडणार नाहीस, तुझं पुन्हा काही चुकणार नाही. मला तुझ्याशी बरोबरी करायची संधीच उरली नाही. आणि तू नाहीस म्हणून बैठकीत मला कुणी “नीट सांग” म्हणणार नाही, याचं दुःख त्या हेव्यापेक्षा मोठं आहे की लहान, हे मला अजून ठरवता येत नाही.

त्या दुपारी आपल्या मंडळाचं ऐकून राहुरीकडचे दोघे शेतकरी चर बघायला आले होते. तू गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. गयाबाईने सांगितलं. त्यांनी हात जोडले. मग त्यातल्या एकाने चरात वाकून बघितलं. मी गुडघ्यापर्यंत चिखलात होतो, धोतर कमरेला खोचलेलं.

“ह्ये कोन?” त्याने विचारलं.

गयाबाईने पाटी खाली ठेवली. कुलकर्णी आहेत, पुण्याला शिकलेत, मंडळ ह्यांनीच काढलं, असं ती म्हणू शकली असती. गावात सगळे तसंच सांगतात. किंवा मी परवा जे कबूल केलं तेही सांगू शकली असती.

“मास्तरचे दोस्त हायत,” ती म्हणाली.

मी वर बघितलं नाही. कुदळ उचलली आणि पुढचा घाव घातला.

तुझा
भास्कर